गणपत धुरीची सिद्धता

उत्तर हा गणितातला सर्वांत गौण भाग आहे, हे सामान्य माणसाला मरेपर्यंत कळत नाही. उत्तर कोणालाही येऊ शकतं. ते पुस्तकाच्या मागे छापलेलं असतं, शेजारच्या बाकावरही मिळतं. गुण असतात ते पायऱ्यांना. ठाकूरद्वारच्या शाळेत मी सव्वीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेल्यांपैकी बासष्ट टक्के मुलांना पुढे आयुष्यात कशाचंच उत्तर सापडलं नाही, पण पायऱ्या सगळ्यांच्या सुवाच्य आहेत.

त्यामुळे गिरण्यांच्या संपाला दीड वर्ष झालं आणि एका कचेरीने (नाव सांगत नाही, त्यांच्याकडे माझं अजून जाणं-येणं आहे) शिपायांच्या चार जागांसाठी गणिताची परीक्षा घ्यायचं ठरवलं, तेव्हा पेपर काढायचं आणि तपासायचं काम माझ्याकडे आलं. शिपायाला गणित कशाला, असं काही लोकांनी विचारलं. चार जागांना अकराशे अर्ज आले की गणित लागतंच. पास व्हायला पस्तीस गुण, वयाची अट चाळीसच्या आत, आणि पास झालेल्यांत ज्याचं वय जास्त त्याला आधी जागा.

अर्जदारांत लालबागचा गणपत धुरी होता. सातवीतून शाळा सोडलेला, तीन वर्षं गिरणीत बदली (म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कायमचा कामगार आला नाही तर काम, आला तर घर) आणि पुढे एकवीस वर्षं चार साच्यांवर. साचा म्हणजे माग. चारही चालू असताना कुठल्या साच्यावर धागा तुटला, हे त्याला पाठमोरा असतानाही कळे. या ज्ञानाला पायऱ्या नसल्यामुळे ते अर्जात लिहिता आलं नाही. वय एकोणचाळीस वर्षं अकरा महिने. म्हणजे पस्तीस गुण पडले की जागा त्याची, आणि नाही पडले तर पुढच्या परीक्षेला तो बसू शकणार नव्हता.

पहिला प्रश्न सोपा होता. सहा मजूर एक काम पंधरा दिवसांत करतात, तर तेच काम दहा दिवसांत करायला किती मजूर लागतील? धुरीने लिहिलं : ‘नऊ. पैकी तीन बदली.’ उत्तर बरोबर, पायऱ्या शून्य, म्हणून पाचांपैकी एक गुण. दुसऱ्या एका उमेदवाराने ‘समजा, क्ष मजूर लागतील’ अशी सुरुवात करून सहा पायऱ्या मांडल्या आणि शेवटी दहाच्या जागी आठ वाचून सव्वाअकरा मजूर आणले. त्याला चार गुण. (पाव मजूर कामावर कसा येतो, हे गणितात विचारत नाहीत.) तो उमेदवार आज त्या कचेरीत आहे आणि त्याचं काम समाधानकारक आहे.

खरी गोष्ट भूमितीची. कमी शिकलेल्यांची सोय म्हणून मी त्रिकोणाच्या प्रमेयाचे मथळे उत्तरपत्रिकेवर आधीच छापून घेतले होते. पुढे ठिपक्यांच्या ओळी, नुसतं भरायचं. आकृतीसाठी कोपऱ्यात चौकटसुद्धा दिली होती. दीड वर्ष निरनिराळ्या कचेऱ्यांचे फॉर्म भरत आलेल्या धुरीने हाही भरला.

पक्ष : कोणताच नाही. युनियनचा सभासद आहे.

साध्य : शिपायाची जागा.

सिद्धता : पूर्ण आहे. सांगाल तेव्हापासून येऊ शकतो.

आकृती : फोटो सोबत आणला नाही. नंतर देईन.

त्रिकोणाचा कुठेही उल्लेख नाही. दहापैकी शून्य दिले. एकूण बेरीज तेहतीस झाली.

दोन गुणांपर्यंत परीक्षकाने आपल्या विवेकाने वाढ करावी, असा नियम होता. विवेकाची व्याख्या नियमात दिलेली नव्हती, म्हणून मी तो वापरला नाही.

फेरतपासणीच्या दिवशी धुरी आला, सोबत त्याची बायको अंबिका. शिवडीच्या गोदामात धान्य निवडायला जायची, त्या दिवशी खाडा करून आली होती. मी दोघांना खुर्च्या दिल्या (नियमात नव्हतं, तरी दिल्या) आणि पक्ष म्हणजे दिलेली माहिती, साध्य म्हणजे जे सिद्ध करायचं ते, सिद्धता म्हणजे त्याची पायरीपायरीने कारणं, हे सगळं खडूने फळ्यावर समजावून सांगितलं. असं मी वर्गातही क्वचित शिकवलं असेल. धुरी मन लावून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, “समजलं सर. आता परत लिहू?”

परत लिहिता येत नाही, असं मी सांगितलं.

मग अंबिकाने पेपर पुढे ओढला आणि बोटाने एकेक ओळ लावत वाचला. म्हणाली, “सर, ह्येच्यात खोटा काय लिवल्यानी त्येंनी?”

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. मी घड्याळाकडे पाहिलं. मला वाईट वाटलं, हे कबूल करतो. पण वाईट वाटण्याला गुण ठेवलेले नाहीत. शेऱ्याच्या जागी ‘बदल नाही’ लिहून सही केली. जाताना धुरीने मला नमस्कार केला आणि दोन्ही खुर्च्या उचलून भिंतीला लावून ठेवल्या. आणखी बारा दिवसांनी तो चाळीस वर्षांचा झाला.

हे सगळं मी पायरीपायरीने मांडलं आहे. तपासून पाहा, एकही पायरी चुकलेली नाही. आता वाचकांसाठी एक प्रश्न. धुरीच्या त्या चार ओळी वाचताना आपल्याला हसू आलं असेल. आलं असल्यास, त्यांतली चुकीची ओळ कोणती ते सांगा. गुण दोन. पायऱ्या नाही लिहिल्या तरी चालेल.