नियमानुसार डाग

वहिनींच्या शिवणकामाच्या दुकानाचा परवाना मंजूर झाला असून आता तो फक्त छापायचा बाकी आहे, असं परवाना कार्यालयाने कळवलं, तेव्हा घरात कोणालाच काळजी वाटली नाही. वाटायचं कारणही नव्हतं. घरात प्रिंटर होता आणि प्रिंटरशेजारी इंजिनियर होते.

इंजिनियर म्हणजे वहिनींचे यजमान. सगळी नोकरी टपालखात्यात गेली. निवृत्त झाल्यापासून ते घरातली यंत्रं उघडायला लागले. बंद करताना दोन-चार स्क्रू शिल्लक राहत, ते एका बरणीत जात. मेव्हण्याने थट्टेने इंजिनियर म्हटलं आणि यांनी ते मनावर घेतलं, इतकीच त्या पदवीची हकीकत.

वहिनींचं मात्र थट्टेचं काम नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत लोकांचे कोट, फ्रॉक आणि शाळेचे गणवेश शिवता शिवता त्यांची मान कायमची आखडली होती. गिऱ्हाईक यायचं ते स्वयंपाकघरातून, उकळत्या चहाच्या पातेल्याला वळसा घालून. रस्त्याला लागून एक उजेडाचं दुकान असावं आणि त्यावर आपल्या नावाची पाटी असावी, एवढं एकच त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी मागितलं होतं. आता दुकान मिळालं होतं, मशीन तिथे जाऊन बसलं होतं, पाटीही रंगून वाळली होती. फक्त भिंतीवर परवाना लागल्याशिवाय शटर उघडायचं नाही, असा नियम होता.

पूर्वी परवाना कार्यालयच छापून द्यायचं. मग कार्यालयाचा प्रिंटर बिघडला. तो दुरुस्त कोणी करायचा यावर इतक्या बैठका झाल्या, की शेवटी बिघाडालाच धोरणाचा दर्जा देण्यात आला. 'नागरिकाने आपला परवाना स्वतःच्या घरी, स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या शाईने छापावा व पडताळणीसाठी आणावा, जेणेकरून प्रशासन नागरिकाच्या घरापर्यंत पोहोचेल,' असं परिपत्रक निघालं. प्रशासन खरोखरच घरापर्यंत पोहोचलं आणि घरात शिरून जेवणाच्या टेबलावर बसलं.

"अहो, कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणूया का?" वहिनींनी विचारलं.

"घरात यंत्र असताना? आणि तसं चालतही नाही. बाहेरची छपाई म्हणजे बनावट समजतात," इंजिनियर म्हणाले.

पहिल्या प्रतीत फोटोतल्या वहिनी हिरव्या आल्या. इंजिनियरांनी प्रिंटरला नोझल साफ करण्याची आज्ञा दिली. आज्ञाधारक यंत्राने साफसफाईतच निम्मी शाई पिऊन टाकली. पुढच्या प्रतीत वहिनींच्या कपाळावरून पांढऱ्या रेघा गेल्या. "आठ्या आहेत त्या," वहिनी म्हणाल्या. मग मात्र एक प्रत झकास निघाली. फोटोत वहिनी चक्क हसत होत्या. इंजिनियरांनी तो कागद तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर झेलून घेतला.

कार्यालयात पडताळणी लिपिक बसले होते. कागद उलटण्याआधी अंगठा जिभेला लावायची त्यांना सवय होती, आणि सेवाज्येष्ठतेमुळे ती सवय आता कार्यपद्धतीत मोडत होती. परवाना एकपानीच होता. त्यात उलटण्यासारखं काही नव्हतं. तरीही लिपिकांनी अंगठा जिभेला लावला आणि वहिनींच्या कानाजवळ टेकवला. केसांचा काळा रंग ओढत अंगठा गालावरून सरकला आणि नाकाखाली येऊन थांबला.

वहिनींना मिशी आली.

"डाग आहे," लिपिक म्हणाले.

"अहो, आत्ता तुम्हीच पाडलात ना तो."

"मी पडताळणी केली. पडताळणीत डाग पडला, याचा अर्थ शाई कच्ची. नामंजूर."

इंजिनियर घरी आले ते मान खाली घालून. वहिनींनी मिशीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. "माहेरच्या वळणावर गेलीय," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. पण आत जाऊन त्यांनी वाळलेली पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली, आणि ते इंजिनियरांना चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी ते शाईवाल्याच्या दुकानात जाऊन उभे राहिले. शाईवाल्याने स्थळं दाखवावीत तशा बाटल्या मांडल्या. "ही तुमची सध्याची. दिसायला देखणी, रंग खुलतात, पण कागदात मुरते आणि पाण्याचा थेंब लागला की रडते. आणि ही पिगमेंट. रंग जरा गंभीर, पण एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही."

"थुंकी लागली तर?"

शाईवाल्याने त्यांच्याकडे समजूतदारपणे पाहिलं. "परवाना का? मग हीच न्या."

जुनी शाई काढून नवी भरण्यात इंजिनियरांचे हात कोपरापर्यंत निळे झाले. गुळगुळीत चकचकीत कागदावर नवी शाई वाळेना. बोट लावलं की सगळं अक्षर बोटावर. साधा जाड कागद घातला तर कडेला काळे पट्टे यायला लागले, कारण आतल्या रुळांवर जुनी शाई बसलेली. मग कोरे कागद आतून फिरवून फिरवून त्यांनी रूळ पुसून काढले. प्रिंटर कण्हला, अडला, कागद चावून बसला. बरणीत आणखी एका स्क्रूची भर पडली. पण अखेरीस परवाना निघाला. इंजिनियरांनी जादा काढलेली प्रत नळाखाली धरली आणि बायकोला हाक मारली. पाणी वाहून गेलं, शाई जागच्या जागी.

"जमलं हो तुम्हाला," वहिनी म्हणाल्या. लग्नानंतर यंत्रांच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या तोंडून प्रथमच निघालं होतं. इंजिनियरांना भरून आलं.

लिपिकांनी अंगठा जिभेला लावला आणि कागदावर घासला. काही झालं नाही. पुन्हा लावला, जोरात घासला. वहिनी हसतच राहिल्या. लिपिकांच्या कपाळावर घाम आला. ते कागद घेऊन आत गेले आणि वरिष्ठांना घेऊन बाहेर आले.

"हे पुसलं जात नाही," वरिष्ठ गंभीरपणे म्हणाले.

"नाहीच जाणार. शाई चांगली आहे," इंजिनियर अभिमानाने म्हणाले.

"चांगल्या शाईची तरतूद नाही आपल्याकडे. घरगुती छपाई पुसली जाते, असा या कार्यालयाचा आजवरचा अनुभव आहे. ही पुसली जात नाही. म्हणजे ही घरगुती नाही. म्हणजे बाहेरची. म्हणजे बनावट."

"अहो साहेब, मागच्या वेळी पुसली गेली म्हणून तर नामंजूर केलीत."

"तेव्हा जुनं परिपत्रक लागू होतं."

नवं परिपत्रक भिंतीवर लावलेलंच होतं. बाहेरच्या छपाईला आळा घालण्यासाठी प्रत्येक परवान्यावर एक नैसर्गिक डाग अनिवार्य करण्यात आला होता. डाग कार्यालयाच्या अंगठ्यानेच पाडला जाईल. अर्जदाराने डाग घरून आणू नये. आणल्यास तो जप्त करण्यात येईल. शेजारच्या बाकावर एक डॉक्टर बसले होते. त्यांच्या दवाखान्याच्या परवान्यावर घरीच चहा सांडला होता, आणि ते आता खुलासा लिहीत होते.

इंजिनियर घरी परतले. त्यांनी चांगली शाई काढली आणि वाईट शाई भरली. या कामात कुठेही अडचण आली नाही.

तिसऱ्या खेपेला लिपिकांचा अंगठा सरावाने चालला. कान, गाल, नाकाखाली पूर्णविराम. या वेळची मिशी पहिलीपेक्षा भरघोस होती. लिपिकांनी ती लांब धरून, डोळे बारीक करून पाहिली आणि तिच्यावर 'डाग पडताळला' असा शिक्का मारला.

शटर वर गेलं. पाटी लागली. वहिनींनी मशीनवर हात फिरवला, खुर्ची उजेडाकडे वळवली आणि जन्मात पहिल्यांदा रस्त्याकडे तोंड करून शिवायला बसल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण दोरा मात्र पहिल्याच फटक्यात सुईतून गेला.

तो आठवडा सरला नाही तोच निरीक्षक आले. त्यांनी भिंतीवरचा परवाना पाहिला, वहिनींना पाहिलं, पुन्हा परवाना पाहिला.

"मालक कुठे आहेत?"

"मीच मालक," वहिनी म्हणाल्या.

"तुम्हाला मिशी नाही."

"तो डाग आहे."

"डाग पडताळलेला आहे, बाई. पडताळलेला डाग हा डाग राहत नाही, ती नोंद होते." तेवढ्यात जेवणाचा डबा घेऊन इंजिनियर दारात आले. त्यांना मिशी होती. निरीक्षकांचा चेहरा उजळला. "हे काय, आले की मालक."

"परवान्यावर नाव माझं आहे," वहिनी म्हणाल्या.

"नावात छपाईची चूक होऊ शकते. फोटो कसा चुकेल? हे खुर्चीवर बसत असतील तर दुकान चालू. नसतील तर आत्ता बंद."

इंजिनियरांनी बायकोकडे पाहिलं. हे साफ चूक आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. तसं म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "त्या कोटाची तारीख उद्याची आहे."

ते बसले. उजेडाकडची खुर्ची त्यांना मिळाली. वहिनींनी मशीन पडद्यामागे नेलं. पहिले काही दिवस इंजिनियर येईल त्याला सांगत की शिवणारी मी नव्हे, ती आत आहे. लोक हसून मान डोलवत आणि त्यांनाच विचारत, बाह्या जरा आखूड होतील का? शेवटी तेही म्हणायला लागले, होतील की. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून वाट काढत येणाऱ्या बायका आता दुकानात येऊन म्हणतात, यांच्या हाताला काय सफाई आहे हो, वहिनींचं काम चांगलं होतं, पण शेवटी घरगुती.

पाटीवर नाव अजून वहिनींचंच आहे. तो मालकांचा बायकोवरचा जीव आहे, असं सगळ्या रस्त्याचं मत पडलं.

तुम्हीही कधी त्या दुकानात जाल. आत मशीनचा आवाज चालू असेल आणि बाहेरचा माणूस हात बांधून बसलेला असेल. कपडा अंगाला झकास बसेल आणि तुम्ही त्या माणसाला मनापासून शाबासकी देऊन घरी याल. त्यासाठी तुम्हाला परवाना बघायची गरजही पडणार नाही.