सम भाग बाईचे

प्रिय तन्वी आणि नील,

रविवारी फोनवर नीलने विचारलं, की बाबांच्या कपाटात साहसकथांची एक जुनी मालिका सापडली आहे, ती पहिल्या भागापासून वाचू की मधलाच एखादा भाग उचलू? मागून तन्वी म्हणाली, "आजीला कशाला विचारतोस? ती पहिल्यापासूनच म्हणणार."

खरं आहे. माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, आणि कॉलेजात इंग्रजी शिकवताना मी एकाही मुलाला दुसऱ्या अंकापासून नाटक सुरू करू दिलं नाही. तरीही रविवारी मी विषय बदलला. गेल्या महिन्यात हाच प्रश्न आमच्या शेजारी निघाला होता, आणि मी नेहमीचं उत्तर ठोकून दिलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते फोनवर सांगता येणार नाही, म्हणून लिहिते.

आमचे शेजारी पुंडलिकराव गावंडे कुठल्याही मालिकेचे फक्त विषम भाग स्वतः पाहतात. टीव्हीवर सोमवारी एखादी मालिका सुरू झाली, की सोमवारी ते खुर्ची ओढून समोर बसतात. मंगळवारी त्याच वेळी अंगणात येऊन झाडांना पाणी घालतात. आत टीव्ही चालू असतो, त्यांच्या पत्नी मालतीबाई बघत असतात, आणि एखादं पात्र मोठ्याने रडू लागलं तर हे बाहेरून म्हणतात, "आवाज कमी कर वो. मंगळवार बाईचा हाय."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण गोदाबाई, राळेगावला असते. बुधवारी सकाळी हे तिला फोन लावतात आणि मंगळवारी काय झालं ते ऐकतात. ते ऐकून झाल्याशिवाय बुधवारचा भाग बघत नाहीत. मालतीबाई एकदा मला म्हणाल्या, "लग्नाले इतकी वर्षं झाली, मी मंगळवारचं एक अक्षर सांगू शकत नाही. मी सांगतलं तर याले पटत नाही."

पुंडलिकराव जन्मभर जिनिंगमध्ये कापसाचे ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन हातांत ताणायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं आणि भाव ठरवायचा, हे त्यांचं काम. त्यांना माणसंही तशीच ताणून बघायची सवय आहे. मी इथे राहायला आले तेव्हा पहिल्याच दिवशी विचारलं, "मॅडम, तुमी कथा वाचता का सांगता?" दोन्ही, असं मी म्हणाले. "तसं नसते," ते म्हणाले, "एक वाचनारा, एक सांगनारा. नाही तर कथा फाटते."

ही रीत त्यांच्या लहानपणी पडली. घरात वाचनालयाचं कार्ड एकच, आणि साहसकथा एका दिवसाच्या मुदतीवर मिळायच्या. पुस्तक संध्याकाळी आणायचं, दुसऱ्या संध्याकाळी परत. एका दिवसात दोघांचं वाचून होणं शक्य नव्हतं. म्हणून बहीणभावांनी वाटणी केली: पहिला भाग पुंडलिकने वाचून बाईला सांगायचा, दुसरा बाईने वाचून पुंडलिकला. तिसरा पुन्हा त्याचा. घरात न उमललेल्या बोंडांचा ढीग असायचा, त्यातला कापूस काढत बसायचं, आणि हात चालू असताना एकाने गोष्ट सांगायची. मालिका होती वैमानिक जगदाळेची. हा जगदाळे विमान घेऊन देशोदेशी हिंडतो, तस्करांना पकडतो, बर्फात पडतो, पुन्हा उठतो. चाळीसेक भाग असावेत. शेवटचा सम भाग आला तेव्हा बाईचं लग्न होऊन ती राळेगावला गेली होती. तो राहूनच गेला.

या जगदाळेला एक बहीण आहे, सगुणा. पुंडलिकराव जगदाळेबद्दल चार वाक्यं बोलत असतील तर सगुणेबद्दल चाळीस. सगुणेने बंद पडलेलं विमान ज्वारीच्या वावरात उतरवलं आणि एक कणीस मोडलं नाही. सगुणेने समुद्री चाच्यांच्या म्होरक्याला असं झापलं, की तो भाकर न खाता उठून गेला. सगुणा नसती तर जगदाळे दुसऱ्याच भागात मेला असता. त्यांनी आपल्या मुलीचं नाव सगुणा ठेवलं. ती नागपूरला बँकेत आहे आणि विमानात बसायला घाबरते.

मी कितीदा ऐकलं असेल कोण जाणे, पण एक गोष्ट मला खटकत होती. शेवटी एकदा विचारलं, "पुंडलिकराव, तुम्ही वाचलेल्या भागांत सगुणा काय करते?"

"माह्या भागात नसते ती."

"एकाही नाही?"

"विषम भागात ती सुट्टीवर असते."

"तिसऱ्या भागात जगदाळे कड्याला लोंबकळतोय, आणि बहीण सुट्टीवर?"

"सरकारी नोकरी हाय मॅडम. बदली होते, सुट्टी राह्यते." ते हसले नाहीत. चहा अर्धा ठेवून उठले, आणि तीन-चार दिवस आले नाहीत. तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं, की ही शंका त्यांना माझ्या आधी येऊन गेली आहे.

मग गेल्या महिन्यात आमच्या रस्त्याच्या टोकाचं वाचनालय बंद व्हायचं ठरलं. तिथल्या ग्रंथपाल सुनंदाताईंनी मला बोलावलं. खालच्या फळीवर जगदाळेचे सगळे भाग होते, पहिल्यापासून शेवटापर्यंत, एकही न हरवलेला. "शनिवारी रद्दीवाला येणार आहे. कोणाला हवे असतील तर त्याच्या आत न्या," त्या म्हणाल्या. इतकी पूर्ण मालिका मी कुठे पाहिली नव्हती. मी धावतच पुंडलिकरावांकडे गेले. ते उड्या मारतील असं मला वाटत होतं.

ते पांढरे पडले. "सगळे हायेत? दुसरा हाय?"

"दुसरा, चौथा, सगळे. आता पहिल्यापासून सलग वाचा."

"कायले?"

"कायले म्हणजे? इतकी वर्षं अर्धीच वाचलीत."

"अर्धी काहून? पुरी ऐकली ना मी."

मी समजावलं. लेखकाने ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने वाचावं, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं म्हणजे वाचलेलं नव्हे, वगैरे. वर्गात चालणारं सगळं बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते, आणि बोटांनी उशीतून निघालेला कापूस ताणत होते. धागा तुटला की दुसरी चिमूट.

शुक्रवारपर्यंत त्यांचं काही ठरेना. सकाळी येऊन सांगायचे, "आनतो." दुपारी फोन करायचे, "जाऊ द्या रद्दीत." मालतीबाई कंटाळून म्हणाल्या, "पोरीचं स्थळ पाहतानी इतका इचार केला नाही या मानसानं." शुक्रवारी संध्याकाळी ते माझ्या दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत.

"मॅडम, समजा आनले. समजा दुसरा उघडला. अन् त्यात सगुना नसली तं?"

मी चपला घालून बाहेर आले.

"नसली तं बाई खोटं बोलली असं होते. अन् बाई माह्याशी खोटं बोलत नाही. म्हनजे पुस्तक उघडलं तं बाई का पुस्तक, दोघापैकी एक जाते."

पुस्तकं आली मात्र. शनिवारी रद्दीवाल्याची गाडी वाचनालयासमोर लागलेली पाहून त्यांना राहवलं नाही. दोन पिशव्या रिक्षात घालून त्यांनी घरी आणल्या, पुस्तकं फळीवर ओळीने लावली आणि पहिला भाग एका बैठकीत वाचून काढला. तो त्यांचाच होता. दुसरा हातात घेऊन ते रोज सकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसू लागले. उघडायचे नाहीत. मुखपृष्ठावर लाल विमान आणि खाली डोंगर होते. अंगठा पानांच्या कडेवरून फिरवायचे आणि पुन्हा मांडीवर ठेवायचे. मालतीबाईंनी सांगितलं, जेवण कमी झालं आहे, आणि सोमवारची मालिकासुद्धा बघत नाहीत.

त्यातच राळेगावहून फोन आला. गोदाबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन इथे यवतमाळला करायचं ठरलं होतं. त्या आठवडाभर भावाकडे राहणार होत्या.

पुंडलिकराव दोन्ही पिशव्या घेऊन माझ्याकडे आले. "हे लपवा. तिनं पाह्यलं तं तिले वाटन मी तिची परीक्षा घेऊन राह्यलो." मी पुस्तकं दिवाणाखाली सरकवली आणि चादर खालपर्यंत ओढली. आयुष्यात मी पुस्तकं लपवली नव्हती.

ऑपरेशन नीट झालं. तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून गोदाबाई माझ्याकडे चहाला आल्या, भावाचा हात धरून. लहानशा, ताठ बाई. बसल्या त्या नेमक्या दिवाणावर. पाय खाली सोडले आणि टाच पिशवीला लागली. त्यांनी वाकून चादर उचलली. मी कप हातात धरून उभी राहिले. पुंडलिकराव खिडकीबाहेर बघू लागले, जणू बाहेर काही घडत होतं.

गोदाबाईंनी वरचंच पुस्तक काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि नव्या डोळ्याजवळ धरलं. लाल विमान. दुसरा भाग.

"कोनं आनले?"

"मीनं," पुंडलिकराव म्हणाले.

"सगळे?"

"हो."

"वाचला का हा?"

"नाही."

"खरं सांग पुंड्या."

"तुही आन, नाही वाचला."

त्यांनी लाल विमानावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून बोलल्या, कदाचित त्याच्याकडे बघून बोलणं जमत नव्हतं म्हणून. "पुस्तक यायचं सांजच्याले. सकाळी हा शाळेत. मले चूल, पानी, धाकट्याचं धुनं. चार पानं व्हायची मॅडम, कधी पाच. मंग परत द्यायची येळ. अन् हा शाळेतून येऊन बोंडाच्या ढिगापाशी बसायचा, तोंड आ करून. काय सांगू याले? नाही वाचलं म्हनू?"

त्यांनी पुस्तकावरची धूळ पदराने पुसली.

"दोन-तीनदा वाटलं सांगून टाकावं. पन हा रात्री झोपेत 'सगुना, दोर टाक' म्हनायचा. मंग कसं सांगू." त्यांनी पुस्तक भावापुढे धरलं. "वाचायचं असन तं वाच आता. त्यात सगुना नाही. लिहिनाऱ्याले तं ठाऊकच नाही ती."

मला वाटलं, आता दोघांपैकी एक गेलं. पुंडलिकरावांनी पुस्तक घेतलं, पालथं केलं, मागची बाजू पाहिली. कापूस बघताना डोळे बारीक करतात तसे केले.

"छपाईत राहून गेलं असन," ते म्हणाले.

"काय?"

"सगुना. छापनाऱ्याकडून राहून गेलं असन. होते असं." त्यांनी पुस्तक पिशवीत ठेवलं आणि पिशवी पुन्हा दिवाणाखाली ढकलली. मग बहिणीशेजारी बसले, थोडं अंतर ठेवून. "शेवटचा सांगतलाच नाही तू. तुह्या लग्नानं राह्यला."

"तो तं मी पाह्यलाही नाही रे."

"मंग तुले अडचनच काय?"

गोदाबाईंनी चष्मा खाली घेतला. काचेमागे काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. चहा गार झाला होता, मी नवीन करायला आत गेले. तांदळाच्या चिठ्ठीचा डबा उघडून त्यात साखर शोधत राहिले, आणि बाहेरून गोदाबाईंचा आवाज येत होता: "सगुना आता म्हातारी झाली बरं का. तिच्या डोयात मोतीबिंदू. पन विमान दुसऱ्याच्या हाती देत नाही. जगदाळे म्हनते, दे न मले. तर म्हनते, तू गप बस, तुले दिशा समजत नाही..."

"जगदाळेले समजते दिशा," पुंडलिकराव म्हणाले.

"तिसऱ्या भागात कड्याले कोन लोंबकळत होतं मंग?"

नील, तुझी मालिका पहिल्यापासून वाचायची की नाही, हे तुझं तू ठरव. मला विचारू नकोस. मात्र तन्वीला एखादा भाग वाचायला देऊन बघ, आणि तिने जे सांगितलं ते पुस्तकाशी ताडून पाहू नकोस.

गोदाबाई राळेगावला परत गेल्या आहेत. शेवटचा भाग फोनवर चालू आहे. वाचनालयाच्या जागी मोबाइलचं दुकान झालं. जिनिंग बंद पडून बरीच वर्षं झाली, आणि जगदाळेचा लेखक कोण होता हे सुनंदाताईंनाही सांगता आलं नाही. विषम भाग पुंडलिकरावांनी घरी नेले, सम भाग माझ्या दिवाणाखाली आहेत, न उघडलेले. सांगणारी आहे आणि ऐकणारा आहे.

तुमची,
आजी