साळूबाईचे काटे आणि पोपटरावांचं निदान

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होती. सगळे तिला साळूबाई म्हणत. साळूबाई फार मायेची. मैत्री केली की जीव ओवाळून टाकायची. पण मैत्रीण न सांगता नुसती ओढ्यावर गेली, तरी तिला वाटे, ही आपल्याला सोडून गेली. मग अंगावरचे काटे ताठ होत. मैत्रीण परत आली की तिलाच ते टोचत. आणि मग साळूबाई दोन दिवस बिळात रडत बसे.

अशा सात मैत्रिणी झाल्या. टिकली एकटी घोरपड. तिची कातडी जाड होती.

"माझं हे असं का होतं गं?" साळूबाई तिला विचारी.

"मला काय कळतंय, बाई," घोरपड म्हणे. "पण होतं खरं."

त्याच सुमारास पोपटराव शहरातून परतले. तिथे त्यांनी खिडकीत बसून स्वभावाच्या आजारांवरचं दोन दिवसांचं शिबिर ऐकलं होतं. आल्या आल्या त्यांनी वडाखाली निदान सुरू केलं. एका प्राण्याला एक मिनिट.

मोराला आत्मकेंद्री विकार निघाला. तो इतका खूश झाला, की ते नाव त्याने पिसाऱ्यावर लिहून घेतलं. मुंगीला शिस्तीचा विकार निघाला. तिने निकाल चारदा तपासला. सशाला टाळाटाळीचा निघाला, पण तो निकाल घ्यायला आलाच नाही. वाघाला पोपटरावांनी लांबूनच तपासलं. त्याच्यात नेतृत्वगुण आढळले.

मग साळूबाईची पाळी आली.

"सीमावर्ती विकार," पोपटराव म्हणाले.

"पण माझं बीळ तर जंगलाच्या मधोमध आहे."

"वाद घालणं हेच लक्षण. पुढचा."

संध्याकाळपर्यंत ही बातमी जंगलभर झाली. पूर्वी प्राणी काटे टोचल्यावर दूर जायचे, आता आधीच जाऊ लागले. घोरपडीलाही सगळ्यांनी समजावलं. तीही फिरकेनाशी झाली.

साळूबाई तळ्याकाठी गेली. तिथे एक कासव वैद्यकी करी. ते फार हळू चालवी, म्हणून त्याच्याकडे गर्दी नसे.

"काटे उभे राहायच्या आधी काय होतं?" कासवाने विचारलं.

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

"भीती वाटते," ती म्हणाली.

वर्षभर ती तळ्यावर जात राहिली. शेवटी कासवाने आजाराचं नाव सांगितलं. ते पोपटरावांनी सांगितलेलंच निघालं.

"म्हणजे त्यांचं बरोबर होतं?"

"नाव बरोबर होतं," कासव म्हणालं. "तुझी गोष्ट त्यांनी ऐकली नव्हती."

दरम्यान घोरपड परत आली होती. तिला साळूबाईशिवाय करमेना. एके सकाळी ती म्हणाली, "चार दिवस बहिणीकडे जाऊन येते."

साळूबाईचे काटे सळसळले. ती दोन पावलं मागे सरकली.

"मला भीती वाटतेय," ती म्हणाली, "तू येणार नाहीस अशी."

"येईन की. रविवारी."

काटे खाली बसायला दुपार झाली. पण बसले.

तात्पर्य: दुसऱ्याचा स्वभाव एका मिनिटात कळतो, स्वतःचा कळायला वर्ष लागतं. म्हणून ज्याला वेळेची किंमत आहे, त्याने नेहमी दुसऱ्याचाच समजून घ्यावा.