डोंगरावरची हाक

आदल्या संध्याकाळी आमंत्रण दिल्याशिवाय भिकूकाका कुठल्याही झाडाची मुळी काढत नसत. बुंध्याशी चार तांदूळ ठेवायचे आणि सांगायचं, "उद्यां सकाळीं येतां हां. घरांतच राव." एकदा माझे वडील काविळीने हळदीसारखे पिवळे होऊन त्यांच्या ओसरीवर बसले होते, तर काका हात हलवत परत. "आज नाही म्हणाली. बाळंतीण आहे ती." म्हणजे झुडूप फळावर आलं होतं! वडिलांनी आणखी चार दिवस पिवळं राहायचं.

आमचं गाव डिचोलीजवळ. पावसात खाणी बंद पडल्या की माणसं रिकामी. गोवा राज्य झालं त्या पावसाळ्यात बेळगावकडचा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला नि सर्पगंधेच्या मुळ्या वजनावर घेऊ लागला. दोन पावसांत सगळा डोंगर उकरून झाला. शाबूत राहिली ती काकांच्या घरामागची उतरण. तिथे कुदळ मारली की पाठीमागून कोणीतरी नाव घेऊन हाक मारी. शेजारचा शाणू कुदळ टाकून पळाला आणि दोन दिवस तापाने फणफणला. "मागें बघूं नकात," एवढंच काका म्हणत.

मीही एका मंगळवारी गेले होते, नुसतं झाड कसं असतं ते बघायला. भर दुपार, पाखरंसुद्धा गप्प. आणि अगदी कानाशी, माहेरच्या नावाने, "शालू..." मी खाली कशी आले ते आठवत नाही.

तिसऱ्या वर्षी गावात मूठभर मुळी मिळेना. हाती येणारा पैसा थांबला. तेव्हा आम्ही बायका काकांकडे गेलो. "काका, आम्ही उपटणार नाही. राखायचं कसं ते शिकवा."

काका म्हणाले, "मूळ विकलें तर एकदांच पैसो. बी राखलें तर वर्साक वर्स."

दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावून त्यांनी आम्हाला उतरणीवर नेलं, पिकून काळी झालेली फळं वेचायला शिकवलं. पुढे आमची रोपं पार पेडण्याकडच्या धारगळपर्यंत गेली. परसातली मुळी तयार झाली, तेव्हा तोच व्यापारी दारात येऊन भाव विचारू लागला, आणि भाव आम्ही सांगू लागलो.

पण उतरणीवर गेलो त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलंच. खाली उतरल्यावर काका हसून म्हणाले, "हाका मीच मारी गे, झाडाआडून. नाहीतर एक मूळ उरलं नसतं."

बायका खो खो हसल्या. मी विचारलं, "मग त्या मंगळवारी मलाही तुम्हीच?"

"मंगळवारां? दर मंगळवारां मी पेडण्याक, बहिणीकडे आसतां."

हसू थांबलं. उतरणीवर पान हलत नव्हतं.

काकांनी घाईघाईने चूल फुंकली. चहाचे चौदा कोप मांडले, सगळे नवे, आम्ही येणार म्हणून सकाळीच बाजारातून आणलेले. हाकांच्या भीतीने गेली दोन वर्षं त्यांच्या दारातही कोणी फिरकत नव्हतं. औषधाला येणारे तेवढे येत, तेही अंगणातूनच परतत. काकी गेल्या तेव्हा चौथ्या खांद्याला परगावाहून माणूस आणावा लागला होता.

"बसा गे," काका म्हणाले, आणि कुणाचा कोप रिकामा झालेला दिसला की ती उठायच्या आत पुन्हा भरू लागले.