वांगी रंगाच्या काचा

खंडेरावांनी लेकीची चार स्थळं मोडली होती. पहिला मुलगा फार हसत होता, म्हणजे काहीतरी लपवत होता. दुसरा हसतच नव्हता, म्हणजे नक्कीच लपवत होता. तिसऱ्यानं चहा नको म्हटलं, तेव्हा हा दुसरंच काहीतरी पीत असणार. चौथ्यानं दोन कप घेतले आणि तो अधाशी ठरला. आता पाचवं स्थळ आलं होतं. कऱ्हाडकडचा बळवंत, तारापूरला अणुवीज केंद्राच्या बांधकामावर ओव्हरसियर. त्याचा फोटो पाहून इंदू पहिल्यांदाच लाजली होती.

"हे मोडलंत तर मी साताऱ्याला माहेरी निघून जाईन," गोजराबाईंनी नवऱ्याला बजावलं. "पोरगी चोविशीची झाली."

"मोडतोय कोण? नुसती खात्री करतो. पोरगा निर्व्यसनी आहे म्हणतात. म्हणणाऱ्याच्या बापाचं काय जातं?"

खंडेराव त्याच बांधकामाला रेती-खडी पुरवत. आठवड्यापूर्वीच त्यांनी मुंबईहून एक जुनी अँबॅसडर आणली होती, आणि बोईसरात ती अजून कोणाच्या ओळखीची नव्हती. बळवंत दर रविवारी सकाळी बोईसरच्या बाजारात येतो, एवढी बातमी त्यांनी काढली होती. कोणी बघत नाही असं वाटलं की माणूस खरा कळतो, हे त्यांचं ठाम मत. तेव्हा गाडीत लपून बसायचं आणि पोराचं खरं रूप बघायचं. त्यासाठी काचा अशा हव्यात की आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं नाही.

शनिवारी गाडी पालघरला चिंतूच्या दुकानात गेली. चिंतू गाड्यांच्या गाद्या शिवायचा आणि गावच्या नाटकांना दिवे पुरवायचा.

"दिव्यांना लावतो तो जिलेटिनचा कागद हाय आमच्याकडं," तो म्हणाला. "डिंकानं चिकटवून देतो. कंचा रंग पायजे, शेट?"

"आतून दिसतं की नाही ते कोण सांगणार?"

"मी सांगतो की."

"तू तर सांगशीलच," असं म्हणून खंडेरावांनी गोजराबाईंना मागच्या सीटवर बसवलं आणि स्वतः बाहेर उभे राहिले. चिंतू आतून एकेक कागद काचेला लावून धरू लागला.

पिवळा लावला. "सगळ्यांना कावीळ झाल्यासारखी दिसतेय," आतून आवाज आला. "तुम्हाला तर जास्तच." लाल लावला, तर पालघर रागावलेलं दिसायला लागलं. निळ्यातून बरं दिसत होतं, पण बाहेरून गोजराबाईंची नथही मोजता येत होती. मग चिंतूनं निळ्यावर लाल ठेवला. काच एकदम वांग्याच्या सालीसारखी झाली आणि गोजराबाई दिसेनाशा झाल्या.

खंडेरावांनी काचेला नाक लावून पाहिलं. बायको दिसत नव्हती. आणि बायको दिसत नाही म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप खिशात गेला. बिडी सोडल्याला त्यांना दोन वर्षं झाली होती. म्हणजे जेजुरीला बायकोसमोर भंडारा उचलून सोडली होती. त्यांनी तिथेच काचेशेजारी घाईघाईनं काडी ओढली. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातलाच प्रकार.

जरा वेळानं गोजराबाई उतरल्या. "हाच रंग घ्या," त्या म्हणाल्या. "बाहेरचं सगळं दिसतं."

"शेट, उद्याचा दिस काच खाली घेऊ नका," चिंतूनं बजावलं. "कागद ओला हाय. सोलून निघंल."

रविवारी दहा वाजता खंडेरावांनी गाडी बोईसर स्टेशनाबाहेर चहाच्या हॉटेलासमोर लावली. ते मागे जाऊन बसले आणि पुढून कोणी बघू नये म्हणून मध्ये चादर टांगली. हातात बळवंतचा फोटो होता. वैशाखातलं ऊन, चारी काचा बंद. पंधरा मिनिटांत सदरा उतरला, अर्ध्या तासात घामानं चिंब झालेलं बनियनही उतरलं. बळवंतचा पत्ता नव्हता.

पत्ता बाकी सगळ्यांचा होता. मुरबे गावची पारू मासळीची पाटी बॉनेटवर ठेवून काचेत बघत कुंकू नीट करू लागली. मग तिनं काचेला डोळा लावला. "आत काय हाय गं बाई? एवढी काळी काच कशाला?"

"दारू असंल," कोणीतरी म्हणालं.

"अरे, सोना होगा सोना," एक कामगार म्हणाला.

"सोनं असं उन्हात टाकतात होय?" सुका हमाल पुढे झाला. "ही तारापूरची गाडी हाय. आत अणू हाय."

"अणू कसा असतो रं?"

"दिसत नाय. म्हणून तर काळी काच!"

हे सगळ्यांना पटलं. पारूनं पाटी उचलली आणि माणसं दहा पावलं मागे सरली. पण जाईना कोणीच. आत खंडेरावांची गाळण उडाली. बाहेर पडावं तर उघड्या अंगानं शंभर माणसांसमोर, आणि बळवंत आला तर पाचवं स्थळ बापानंच घालवलं म्हणायचं. इंदू जन्मात तोंड बघणार नाही. अशा वेळी बिडीप्रेमी माणूस काय करतो? खंडेरावांनी बिडी पेटवली.

दाराच्या फटीतून धूर बाहेर आला.

"अणू पेटला!" सुका ओरडला, आणि चहाचे ग्लास टाकून लोक पळत सुटले. तेवढ्यात रस्त्याच्या वळणावरून एक तरुण आला. "साहेब, तुमी तारापूरचे," सुकानं त्याचा हात धरला. "आत अणू पेटलाय, बघा!"

"अणू असा पेटत नसतो," असं म्हणत तो सरळ गाडीकडे गेला आणि त्यानं दार उघडलं. आत घामानं निथळणारा एक उघडा गृहस्थ बसला होता. एका हातात बिडी, दुसऱ्या हातात फोटो. त्यानं फोटो पाहिला. फोटो त्याचाच होता.

खंडेरावांनी बिडीसकट हात जोडले.

बळवंतनं दार हळूच लावून घेतलं. "इंजिन तापलंय!" तो लांबच्या गर्दीला ओरडला. "कोणी जवळ येऊ नका. मी गाडी बाजूला नेतो."

"पोरगा जिवावर उदार झाला," पारू हळहळली.

पाम गावच्या रस्त्याला लागल्यावर बळवंतनं चादर सारली. "मामा, कुठं सोडू?"

खंडेराव सदरा चढवत होते. इतकं होऊनही स्वभाव जाईना. त्यांनी बिडीचं बंडल पुढे केलं. "घे एखादी. संकोच करू नकोस."

"मी ओढत नाही. तुम्ही ओढता हेही कुठं बोलणार नाही."

खंडेरावांनी बंडल खिशात घातलं. असं स्थळ दिवा घेऊन शोधलं तरी मिळालं नसतं.

घरी येताच त्यांनी जाहीर केलं, "मुलगा लाख आहे. होकार कळवा." इंदू आत पळाली. खंडेराव नखानं काचेवरचा कागद खरवडायला बसले. ही पीडा आता त्यांना दारात नको होती.

"राहू द्या तो," गोजराबाई म्हणाल्या. "मला उपयोगी पडतो. आज तुम्ही नाही म्हणाला असता ना, तर मी तुमचा जेजुरीचा भंडारा काढणार होते."

खंडेरावांचं नख काचेवरच थांबलं. "कसला भंडारा?"

"चिंतूच्या दारात तीन काड्या विझल्या तुमच्या," गोजराबाई म्हणाल्या. "चौथी पेटली तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला."