निरोगी माणसाचं रक्त

"निरोगी माणूसच हवा ना? मग मी आहे की!" नवऱ्याने बाही सरसावत जाहीर केलं. "कित्येक वर्षांत मला साधी शिंक आलेली नाही!"

बायकोला तेवढंच हवं होतं. तिच्या प्रयोगशाळेतलं नवं यंत्र रक्ताच्या प्लाझ्मातली प्रथिनं मोजायचं, पण त्याची मापं आधी निरोगी रक्तावर जुळवून घ्यायची होती. शुक्रवारी परीक्षक येणार. मापं चुकली तर यंत्र खालच्या मजल्यावरच्या विभागाला मिळणार, आणि ती मंडळी तर आत्ताच टेप घेऊन जिन्याची रुंदी मोजत होती!

नवऱ्याचं रक्त यंत्रात गेलं. सगळी प्रथिनं शहाण्या मुलांसारखी आपापल्या जागी! एकच मात्र थेट गच्चीवर जाऊन बसलेलं. शरीरात कुठे सूज असली की वाढतं, नेमकं तेच.

"यंत्र बिघडलं!" ती किंचाळली. एवढ्या महागड्या यंत्रावर संशय घ्यायला ती एका पायावर तयार होती. नवऱ्याचा विचारही मनात आला नाही.

तिने पाणी बदललं, नळ्या बदलल्या. प्रथिन ढिम्म! शेवटी इंजिनियर आला. त्याने यंत्राची आतडी टेबलावर मांडली, पुन्हा भरली आणि म्हणाला, "ताई, यंत्र ठणठणीत आहे. रक्त बदलून बघा."

"अहो, ते माझ्या नवऱ्याचं आहे!"

"म्हणूनच म्हणतोय."

तिने हट्टाने नवऱ्याचंच ताजं रक्त आणलं. प्रथिन दुप्पट!

संध्याकाळी ती तोंड पाडून घरी आली, तर सासूबाई दारातच उभ्या. "काय बोललीस गं त्याला? नुसता दुधात पाव बुडवून खातोय. तोही एकाच गालाने!"

ती थबकली. मग तरातरा आत गेली.

"अहो, आ करा."

"कशाला?"

"आ करा म्हणते ना!"

डावी हिरडी टोमॅटोसारखी टम्म!

"फार नाही गं दुखत," नवरा पुटपुटला. "पण दातांच्या डॉक्टरकडे मी मेलो तरी जाणार नाही!"

"तुमच्या दाढेपायी माझं यंत्र चाललंय हो!"

दुसऱ्या दिवशी तिने इंजिनियरचंच रक्त घेतलं. मापं चोख! यंत्र वाचलं! तिने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सगळं सांगितलं, तसे ते खुर्चीतून उडालेच.

"निरोगी रक्त काय, कोणाचंही मिळेल! पण वाढलेलं प्रथिन यंत्र नीट मोजतं, हे परीक्षकांना दाखवायला असं सुजकं रक्त कुठे मिळतं? यजमानांना सांगा, शुक्रवारपर्यंत दाढ काढायची नाही! सकाळ-संध्याकाळ रक्त द्यायला या म्हणावं!"

तिने फोनवर निरोप दिला. पलीकडे काहीतरी धाडकन पडलं आणि फोन बंद झाला.

ती घाईघाईने घरी पोचली. सासूबाई रस्त्याकडे बघत होत्या. "एका पायात माझी चप्पल घालून पळाला गं! दातांच्या डॉक्टरकडे!"

तिने तत्काळ दवाखान्यात फोन लावला. "डॉक्टर, थांबा! ती दाढ काढू नका!"

"केव्हाच काढली!" डॉक्टर म्हणाले. "आता ते विचारतायत, उरलेल्याही आजच काढून मिळतील का!"