मयताच्या घंटेने सुरू होणारं गाणं

आपलं गाणं उघड्यावर कसं वाजतं ते एकदा ऐकावं, एवढंच माझ्या मनात आलं होतं. (माझ्या मनात काही आलं की शर्ली, म्हणजे माझी बायको, आधी गॅस बंद करून येते.)

दोन वर्षं मी बेडरूममध्ये सिंथ-पॉपचं, म्हणजे यंत्रांवर वाजवलेल्या गाण्यांचं, रेकॉर्ड करत होतो. सिंथेसायझर मी, ड्रम-मशीन मी, गायक मी. कपाटातल्या साड्यांत तोंड खुपसून गायलं की आवाज घुमत नाही, हा शोधही माझाच. श्रोताही आतापर्यंत मीच. शर्ली शाळेत शिकवते, त्यामुळे तिची एकच अट होती: "घरात काय करायचं ते कर, जोनाथन. नंदाखालमध्ये माझं हसं करू नकोस."

पहिलं गाणं आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मयताच्या घंटेने सुरू होतं; गावात कुणी गेलं की ती वाजते. एका मयताच्या वेळी फोन छातीशी धरून मी ती रेकॉर्ड केली होती. (लोकांना वाटलं, याला हुंदका आवरत नाहीये.)

तर गेल्या महिन्यात मी रजा टाकली. शर्ली शाळेत गेल्यावर मोठा स्पीकर खिडकीत ठेवला, आधी सुरुवात पारखावी म्हणून घंटेचा तुकडाच पुन्हा पुन्हा वाजेल असा लावला आणि लांबून ऐकायला केळीच्या वाडीत जाऊन उभा राहिलो. एक टोला, शांतता, पुन्हा टोला. अगदी हुबेहूब! मला भरूनच आलं.

तेवढ्यात शेजारच्या इनेझ मावशी डोक्यावर पदर घेऊन कुंपणापाशी आल्या.

"कोण गेलं रे?"

खरं सांगावं तर शर्लीची अट मोडणार. "माहीत नाय," मी म्हणालो.

"आलोशियसच असणार. काल पेज नको म्हणाला."

"मावशी, तसं नसेल..."

"तुझा सासरा, आणि तुलाच पत्ता नाय?" मावशी तरातरा निघाल्या. जाता जाता त्यांनी फोन काढला.

मी धावत जाऊन स्पीकर बंद केला, तोच शर्लीचा फोन. ती रडत होती. "पप्पा गेले, आणि मला हे मावशींकडून कळतंय! रिक्षात बसलेय मी. फादरना सांगितलंस?"

"शर्ली, ऐक, ते गाणं..."

"गाणी कुठली म्हणायची ते मागाहून ठरवू!" फोन कट.

तिचं रडणं ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अनवाणीच सासऱ्यांच्या घरी पळालो. ओटीवर बायकांची रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, सुरू झाली होती. आत जायचं धाडस कुणाला होत नव्हतं, सगळे शर्लीची वाट बघत होते. मी तोंड उघडणार, इतक्यात दार उघडलं आणि दुपारची झोप आटोपून बनियनवर सासरे बाहेर आले. प्रार्थना चाललेली पाहून त्यांनीही गुडघे टेकले, दोन 'नमो मरिया' म्हटल्या आणि इनेझ मावशींना हळूच विचारलं, "कोण गेलं गं?"

मावशी अशा किंचाळल्या की रिक्षातून उतरणारी शर्ली तिथूनच धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडली.

"मग घंटा कोणासाठी वाजली?" सासऱ्यांनी विचारलं.

"माझ्या गाण्यासाठी," मी म्हणालो. शर्लीकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"लाव बघू."

फोनवर पूर्ण गाणं लावलं. सगळ्यांनी रोझरी हातात धरून ऐकलं.

"घंटा झकास आहे," सासरे म्हणाले, "पण मागाहून मिक्सर कोणी लावला?"

शर्ली आधी हसली, मग पुन्हा रडली, आणि त्यानंतर आठवडाभर माझ्याशी बोललीच नाही.

आता देवळातल्या खऱ्या घंटेची कडी तुटलीय. दुरुस्ती होईपर्यंत फादर लाऊडस्पीकरवर माझं रेकॉर्ड लावतात. ("फक्त घंटा, जोनाथन," असं त्यांनी घरी येऊन बजावलं.) ते लागलं की अख्खं गाव हातातलं काम टाकून थांबतं, काही जण डोळे पुसतात. फक्त त्यासाठी आधी कुणाला तरी मरावं लागतं.

सासरे मात्र हल्ली वाडगाभर पेज संपवतात. शर्लीला म्हणाले, "खरी घंटा नीट होईस्तोवर मी काय मरत नाय. फादरचं बोट चुकलं, तर पुढचं गाणं वाजायचं!"